तीन किलो काढले, पंचाहत्तर उतरले!

बुलढाणा जिल्ह्यात गाडीची परीक्षा घाट घेतो. मलकापूरहून बुलढाण्याला येताना मोताळा मागे पडलं की राजूर घाट, खामगावकडून आलात तर बोथ्याचा. म्हणून इथल्या गॅरेजच्या बाकड्यावर हा विषय रंगतोच : फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरचं जड चाक, लेथवर टर्न करून हलकं केलं, तर गाडी जास्त पळेल का? आधी या चाकाच्या गमती ऐका.

पहिल्या गिअरची करामत
छोट्या कारच्या फ्लायव्हीलचं वजन साधारण ७-८ किलो. त्याच्या कडेचं, केंद्रापासून १० सेंटीमीटरवरचं ३ किलो लोखंड काढलं समजा. पहिल्या गिअरमध्ये टायरची एक फेरी होईपर्यंत इंजिन सुमारे १४ फेऱ्या मारतं, आणि वेग घेताना हा फरक वर्गाच्या पटीत मोजला जातो. हिशेब केला तर गाडीतून जवळपास ७५ किलो उतरल्यासारखं होतं, म्हणजे अख्खा एक माणूस! पाचव्या गिअरमध्ये मात्र त्याच ३ किलोंची किंमत जेमतेम पाच किलो. म्हणून सिग्नलवरून सुटताना फरक जाणवतो, हायवेवर नाही.

कडेचं लोखंड चौपट भारी
केंद्रापासून ६ सेंटीमीटरवरचं किलोभर काढा किंवा १२ सेंटीमीटरवरचं, तराजूत सारखंच. फिरताना मात्र दुसऱ्याचा परिणाम चौपट. जाणकार कारागीर म्हणूनच कडेला हात घालतो.

घाटात अश्वशक्ती वाढते?
नाही. एकाच वेगानं घाट चढताना फ्लायव्हील हलकं असो की जड, काडीचा फरक पडत नाही. इंजिनाची ताकद तेवढीच राहते. फेऱ्या चढायला आणि उतरायला लागणारा वेळ तेवढा कमी होतो.

मळ्यातलं जड चाक
जड चाकाची खरी थोरवी पाहायची तर विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन आठवा. वरची कळ उचलून धरायची आणि हँडल मारत राहायचं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना खांदा भरून येतो, मग चाक स्वतःच हात ओढू लागतं. नेमक्या त्या क्षणी कळ सोडायची. कोंडलेल्या हवेला चाक दामटतं, एक काळा भपकारा निघतो आणि फट्... फट्... फट्! एकाच सिलिंडरचं ते इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच धक्का देतं. मधला सगळा वेळ चाकच रेटून नेतं. कारच्या चार सिलिंडरांत दर अर्ध्या फेरीला धक्का मिळतो, म्हणून तिथे हलकं चाक खपतं. फॉर्म्युला वनमध्ये तर चाक नावापुरतंच उरतं. हाताच्या कडबा कुट्टीचं ते मोठं चाक आणि टकळीची इवलीशी चकती, हीसुद्धा याच कुळातली.

खामगावचा कापूस
जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. पुढे वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतही भलंमोठं फ्लायव्हील असायचं. ते हलकं करावं असं तिथे कुणाच्या मनात येणार? एकसारखी चाल हीच तर तिथली गरज.

लेथवर चढवण्याआधी
मूळ चाक बहुधा बिडाचं असतं. बीड ठिसूळ, वाटेल तसं पातळ केलं तर जास्त फेऱ्यांना ते फुटू शकतं, आणि त्याचे तुकडे ड्रायव्हरच्या पायांपाशीच उडतात. स्टीलचं तयार हलकं चाक त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. टर्न केल्यावर बॅलन्सिंग हवंच, नाहीतर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची वाट लागते. क्लच प्लेटची उष्णता हेच चाक शोषून घेतं. चाक हलकं, तर क्लच लवकर तापणार.

थांबलेल्या गाडीचा हिशेब
मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर कारच्या पूर्ण वजनाच्या चाकात इतकी ऊर्जा साठते, की क्विंटलभर सोयाबीन साडेतीन मीटर उंच उचललं जाईल. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला तेच सोयाबीन जेमतेम वीतभर उचललं जातं. राजूर घाटात ट्रकच्या मागे चढणीवर थांबून पुन्हा निघायचं, ते याच वीतभर शिल्लकीवर. चाकातले ३ किलो काढलेत, तर क्लच सोडताच इंजिन बंद पडायची भीती. अशा गाडीत आधी फेऱ्या १,६०० वर न्याव्यात. वेग दुप्पट, की साठा चौपट. मगच हँडब्रेक सोडावा.