खारपाणपट्ट्यात स्टीलची टाकी का डागाळते?

स्टीलला गंज चढत नाही असा सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडातील खारपाणपट्ट्यात तो पुरता खरा ठरत नाही. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर भागात उघड्यावर ठेवलेल्या स्टीलच्या टाकीवर तपकिरी ठिपके दिसू लागले की शेतकरी दुकानदारास बोल लावतो. दोष बहुधा पाण्याचा असतो.

स्टील म्हणजे अगंज पोलाद. त्यात क्रोमियम धातू शेकडा साडेदहा किंवा अधिक असतो. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे पटल तयार होते. ओरखडा पडला तरी हवा लागताच ते पुन्हा सांधते. नुसत्या उन्हापावसाने त्याचे फारसे बिघडत नाही. उलट पावसाने टाकी धुऊन निघते. म्हणूनच वळचणीखालची, पाऊस न लागणारी बाजू आधी डागाळते.

या पटलाचा खरा शत्रू मिठातील क्लोराइड होय. पूर्णा खोऱ्यातील भूजल खारे आहे. ते टाकीवरून ओघळते, वैशाखाच्या उन्हात आटते व मीठ मागे राहते. पुढे दवाने ते ओले झाले की थेंबातील खारटपणा अतिशय तीव्र होतो, पटल एखाद्या बिंदूवर फुटते आणि तेथे खड्डा पडू लागतो. वरून तो टाचणीच्या टोकाएवढा दिसला तरी आत खोल जातो. खरखरीत पृष्ठभाग धूळ व मीठ धरून ठेवतो. गुळगुळीत पृष्ठभाग अधिक टिकतो.

लोखंडी तारेच्या घासणीचे कण स्टीलवर राहून गंजतात, तो प्रकार निराळा. वेळीच पुसल्यास खालचे स्टील बहुधा शाबूत आढळते.

खरेदी करताना लोहचुंबक लावून पाहण्याची चाल आहे. ती फसवी आहे. हलक्या २०२ प्रतीस व चांगल्या ३०४ प्रतीस, दोहोंनाही चुंबक सहसा चिकटत नाही. तेव्हा प्रतीचा उल्लेख पावतीवर लिहून घ्यावा. खाऱ्या पाण्यास मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत अधिक टिकते, पण ती महाग पडते.

टाकी बाहेरून आठवड्यास एकदा गोड्या पाण्याने पुसावी. या पट्ट्यात गोडे पाणी पिण्यासही पुरत नाही हे खरे; परंतु ओल्या फडक्यास तांब्याभर पाणी पुरते. म्युरेट ऑफ पोटॅश हेही क्लोराइडच. त्याची पोती टाकीला टेकवून ठेवू नयेत. ठिबक संच धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलवर सांडू देऊ नये. ग्रामसेवकांनी ब्लीचिंग पावडर स्टीलच्या टाकीत कोरडी टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरची निवळी ओतावी.