स्टेरॉइडची गोळी : घ्यावी कशी, थांबवावी कशी

गेल्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी आमच्या दाराशी एक तरुण येऊन उभा राहिला. "फादर, पवित्र तेल घेऊन चला. आईचं काही खरं नाही." वाटेत त्याने सांगितले की आई दोन दिवस उलट्या करते आहे, उठून बसवले की डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणेही तुटक झाले आहे. घरच्यांना वाटले, उपवास बाधला. शेजारची एक बाई तर बाहेरची बाधा म्हणून मोकळी झाली होती.

दवाखान्यातल्या परिचारिका सिस्टरना आम्ही सोबत घेतले होते, ते बरे झाले. आम्ही रुग्णाभ्यंगाची प्रार्थना करीत होतो तोवर त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारले, "मावशी, रोजच्या गोळ्या कुठे आहेत?" फळीवरच्या डब्यातून प्रेडनिसोलोनची एक पट्टी निघाली. अख्खी. एकही गोळी काढलेली नव्हती. मावशींना संधिवात आहे आणि ही गोळी त्या दहा महिने रोज घेत होत्या. राखेच्या बुधवारी त्यांनी ती एकदम बंद केली. का, असे विचारता त्या पुटपुटल्या, "फादर, तुम्हीच सांगितलंत ना, शरीराला ज्याची सवय लागली ते सोडा म्हणून."

वाचकहो, आम्ही तसे बोललो होतो, हे खरे आहे. आमच्या मनात तंबाखू होती, दारू होती, रात्री उशिरापर्यंत चालणारा मोबाइल होता. ऐकणाऱ्याच्या घरात औषधाची पट्टी असेल हे आमच्या ध्यानातही आले नाही. मावशींना तातडीने बेळगावला नेले, शिरेतून मिठाचे पाणी व हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या. तेव्हापासून हा लेख आमच्यावर ऋण होता. आम्ही डॉक्टर नव्हे. म्हणून लिहिलेले सर्व एका जाणत्या डॉक्टरांना वाचून दाखवले आहे.

मुळात झाले काय? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती रोज कॉर्टिसोल नावाचा रस रक्तात सोडते, पहाटे अधिक व रात्री कमी. ताप, जखम, शस्त्रक्रिया, मोठा धक्का अशा वेळी ती हा रस कितीतरी पट वाढवते आणि त्यावर रक्तदाब व साखर टिकून राहते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही याच रसाची माणसाने बनवलेली भावंडे. बाहेरून रोज आयता माल येऊ लागला की ग्रंथी काम सोडून देते. पाटाचे पाणी मिळू लागले की मोटेची विहीर गाळाने भरते, तसेच हे. एके दिवशी पाट बंद केला तर विहिरीत पाणी कुठून येणार? विहीर उपसायला वेळ लागतो, आणि झोपलेली ग्रंथी जागी व्हायला कधी आठवडे तर कधी महिने लागतात.

म्हणून पहिली गोष्ट : तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली स्टेरॉइडची गोळी कोणीही आपल्या मनाने एकदम थांबवू नये. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात. चेहरा सुजला, वजन वाढले, झोप उडाली, शेजारणीने भीती घातली, यांपैकी कोणतेही कारण असो, आधी डॉक्टरांकडे जावे व मग काय ते ठरवावे. गोळ्या संपत आल्या आणि पावसात नाल्याला पूर आला, हेही आपल्याकडे घडते. निदान दहा दिवसांचा साठा घरात असू द्यावा.

मिस्सेबद्दल एक खुलासा करतो, कारण ही अडचण अनेकांनी कबुलीपेटीबाहेर आम्हांला सांगितली आहे. ही गोळी सकाळी, काही खाऊन घ्यायची असते. सकाळी घेतली म्हणजे शरीराच्या नैसर्गिक वेळेशी जुळते व रात्रीची झोप मोडत नाही. पण सकाळी मिस्सा असते, म्हणून पुष्कळजण रविवारची गोळी दुपारवर ढकलतात किंवा चुकवतात. याची काही गरज नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तासाचा उपवास आहे खरा, पण पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. आजारी, वृद्ध व त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्या तासात काही खाल्ले तरी चालते. हा धर्मसभेच्या कायद्याचा ९१९ वा नियम आहे, आमची सवलत नव्हे. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार यांचा उपवासही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठी आहे. भाकरीचा तुकडा खावा, गोळी घ्यावी व मिस्सेला यावे.

या औषधाला वाईट मात्र म्हणू नये. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल व राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकऱ्याला आवडेल अशी दुसरी कथा न्यूझीलंडची आहे. तेथे लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांच्या प्रसूतीचा अभ्यास करीत होते. दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मलेले एक कोकरू, ज्याने जगायला नको होते, ते श्वास घेत होते. त्याला गर्भातच स्टेरॉइड मिळाले होते. त्यावरून १९७२ साली लिगिन्स व हॉवी यांनी दाखवून दिले की अकाली प्रसूतीची लक्षणे असलेल्या मातेला हे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. दम्याचा झटका, मुलांच्या मूत्रपिंडाची सूज, कुष्ठरोगात नसांना अचानक येणारी सूज, अशा ठिकाणी हे औषध वेळेवर मिळाले नाही तर माणूस जातो किंवा पांगळा होतो. २०२० च्या कोविड साथीत ज्यांना प्राणवायू लागत होता अशांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचवले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. तरी लोकांनी ते घरच्या घरी घेतले, आणि २०२१ मध्ये मधुमेह्यांमध्ये काळ्या बुरशीने जो कहर केला त्याला वाढलेली साखर आणि अवाजवी स्टेरॉइड ही दोन्ही कारणे होती.

गोळीच्या आकारावर जाऊ नये. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे डेक्सामेथासोनचे केवळ पाऊण मिलिग्रॅम. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी "हलकी" म्हणून अंगदुखीला, सर्दीला, भूक लागावी म्हणून मुलांना देणारे आपल्या बाजारात आहेत. मुलांची उंची तिने खुंटू शकते.

दीर्घकाळ घेणाऱ्यांनी काय सांभाळावे? साखर आणि रक्तदाब ठरल्याप्रमाणे तपासावा, डोळे वर्षातून एकदा दाखवावे. मोतीबिंदू व काचबिंदू दोन्हींचा धोका असतो. हाडे ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देतात, ते टाळू नये. जोडीला आपली नाचणी आहेच, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मीठ कमी करावे. लोणचे, पापड आणि (हे सांगताना आम्हांलाच जड जाते) सुकी मासळी. कंबर दुखते म्हणून दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी आणून या गोळीवर घेऊ नये. दोन्ही मिळून जठरात व्रण पाडतात. शौच डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भाताची लावणी करणाऱ्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी, कारण शहरातले डॉक्टर विचारतीलच असे नाही. अनवाणी चिखलात काम करताना एका बारीक जंताची अळी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने आतड्यात राहते. स्टेरॉइडने शरीराचा पहारा ढिला पडला की हाच जंत बेसुमार वाढून फुप्फुसापर्यंत व मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि मग तो जीवघेणा ठरतो. "डॉक्टर, मी अनवाणी शेतात उतरतो" एवढे वाक्य पुरे. तपासणी करून आधीच औषध देता येते. तसेच घरात कोणाला क्षय झाला असेल तर तेही लपवू नये, दबलेला क्षय या औषधाने डोके वर काढतो. घरात कांजिण्या आल्या आणि रुग्णाला पूर्वी झालेल्या नसतील, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

मलमाचेही तेच. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी जांघेत गजकर्ण होते आणि दुकानदार "तिन्ही औषधे एकात" असलेली नळी देतो. त्यातले स्टेरॉइड खाज दोन दिवसांत थांबवते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मुली गोरेपणासाठी तीच मलमे चेहऱ्याला लावतात. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे व लव येते, आणि मलम थांबवले की आग होते. २०१८ पासून अशी बहुतेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. कायदा आहे एवढेच आम्ही म्हणू. दम्याच्या फवाऱ्यातले प्रमाण त्या मानाने फार कमी असते, त्याची भीती बाळगू नये. घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंड पांढरे होत नाही.

जत्रेत मिळणाऱ्या "शंभर टक्के वनस्पतीच्या" पुड्यांबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. गुडघेदुखी व दमा यांवरच्या अशा काही पुड्या तपासल्या असता त्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत जादूसारखा गुण, मग तोंड गरगरीत, आणि पुडी संपली की दुखणे दुप्पट, असे झाले तर शंका घ्यावी. महिनोन्महिने घेत असाल तर लाजेने एकदम टाकून देऊ नका. पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा.

गोठ्यातही हेच औषध असते. गाईला डेक्सामेथासोन टोचण्याआधी ती किती महिन्यांची गाभण आहे हे पशुवैद्याला सांगावे, कारण शेवटच्या महिन्यांत त्याने वासरू अवेळी पडू शकते. आणि गोठ्यातली बाटली माणसांच्या खोलीत आणू नये.

ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांत या रुग्णांना अधिक मात्रा लागते. उलटीने गोळी पोटात राहत नसेल तर घरी वाट पाहू नये, इंजेक्शन लागते. बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही, म्हणून खिशात चिठ्ठी हवी. तिच्यावर एवढेच लिहावे : नाव, आजार, औषधाचे नाव, रोजची मात्रा, केव्हापासून, "एकदम थांबवू नये", घरचा फोन. कोऱ्या चिठ्ठ्या सॅक्रिस्टीच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गोळ्यांची पट्टी घेऊन रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सिस्टरना भेटावे. मावशीही तेथे बसणार आहेत. त्यांनी स्वतःहून तसे सांगितले आहे.