अळंबी शोधावी ती वारूळ पाहून

मृगाचा पाऊस चांगला झाला, दोन-चार दिवस आभाळ दाटून राहिले, की रानात अळंबी डोके वर काढतात. मग घरोघर एकच प्रश्न, ‘ही खायची का?’ मी म्हणतो, त्याआधी विचारावे, ही उगवली कशावर?

युरोपात शांतरेल नावाची पिवळी अळंबी शोधणारे लोक आधी झाडे पाहतात. ओक, बीच, पाइन यांच्या मुळांशी तिची देवघेव असते. झाड चुकले की टोपली रिकामी! आपल्याकडे तिच्याऐवजी पाहायची ती वाळवी.

वाळवीला लाकूड, पालापाचोळा नीट पचत नाही. म्हणून ती वारुळात काडीकचरा चघळून मधाच्या पोळ्यासारखे गड्डे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. शेतीच म्हणा ना! पावसाने माती भिजली की याच बुरशीच्या छत्र्या वर येतात. टोपीच्या मधोमध टोक असते, ते माती फोडते. देठ खाली मुळासारखा लांबत थेट त्या गड्ड्यापर्यंत जातो. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात आणि या अळंबीलाही ‘रोयण अळमी’. पत्ता नावातच आहे.

क्रांती चौकातून दौलताबाद, वेरूळ करीत कन्नडकडे निघा. नांगर दरवर्षी फिरतो त्या काळ्या रानात वारूळ टिकत नाही. ते असते जुन्या बांधावर, मुरमाड उतारावर, पाणी निथळून जाते तिथे. जागा लक्षात ठेवा. पुढल्या वर्षी बहुधा तिथेच छत्र्या येतील. मात्र बिळात हात घालू नका, नागपंचमीला आपण वारूळ उगाच पुजत नाही. गौताळा अभयारण्यातून तर काही उचलूच नये, कायद्याने मनाई आहे.

आता धोक्याचे. गवतात, गायरानात मोठी पांढरी छत्री येते. दिसायला देखणी, पण खाल्ली की ओकाऱ्या, जुलाब. शिक्षकांनी वर्गात टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून, वर वाटी झाकून रात्रभर ठेवावी. सकाळी हिरवट भुकटी पडली तर ती हीच. वारुळाच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडते. पण गुलाबी पडली म्हणजे खाण्याजोगी, असे मुळीच नव्हे. देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी दिसली तर हमखास टाळावी. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्लेली चालते, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषे उकळूनही जात नाहीत. जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय चुलीवर ठेवू नका.

खाल्ल्यावर सहा-आठ तासांनी, किंवा त्याहून उशिरा, ओकाऱ्या सुरू झाल्या तर ते अधिक भयंकर. मध्ये बरे वाटले तरी आत यकृत बिघडत असते. लगेच दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून ओळखू येईनाशी होते.