मस्कतची वेस : जुनी आणि नवी

परमुलखात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाची खरी कसोटी विमानात लागत नाही. ती विमानातून उतरल्यावर लागते. आकाशमार्गाची जबाबदारी वैमानिकाची असते. पण विमानतळाच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे शेवटचे अंतर ज्याचे त्यालाच तोडावे लागते. त्यातून वेळ रात्रीची असावी, वाटेत एक विमान बदललेले असावे आणि कानावर पडणारी भाषा अनोळखी असावी, म्हणजे भल्याभल्यांचे धैर्य खचते. मुंबईहून मस्कतला येण्यास विमानाला सुमारे अडीच तास पुरतात. परंतु नवख्या प्रवाशाला त्यापुढचा एक तासच अधिक लांब वाटतो.

मस्कतच्या बाबतीत ही गोष्ट आजची नव्हे. या शहराला वेस होती आणि ती रोज रात्री खरोखरच बंद होत असे. सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी मिरानी किल्ल्यावरून तोफेचा आवाज झाला, की तटाचे दरवाजे लागत. वेशीच्या आत रात्री हिंडणाऱ्यानेही हाती कंदील बाळगला पाहिजे, असा दंडक होता. सुलतान सैद बिन तैमूर यांची कारकीर्द १९७० साली संपेपर्यंत ही प्रथा चालू होती. उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याला आत कोणी ओळखीचे असले, तरी त्याचा काय उपयोग? पहाट होईपर्यंत तटाबाहेर थांबणेच त्याच्या नशिबी येई.

त्या काळी भारतातून येणारे बहुतेक लोक ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीने येत. मोठ्या जहाजांसाठी खोल पाण्याचा धक्का नव्हता. तो मत्रा येथे १९७४ साली सुरू झाला. तोवर बोट समुद्रातच नांगर टाकी आणि माणसे व सामान होडक्यांतून किनाऱ्याला लागे. विमाने रुवीच्या खोऱ्यातील बैत अल् फलज येथील लहानशा धावपट्टीवर उतरत. चहूबाजूंनी डोंगर असल्याने तेथे विमान उतरविणे हे वैमानिकाच्या कौशल्याचे काम समजले जाई. तेथून जुने मस्कत जवळच होते, आणि तेही बरेच म्हणायचे. कारण १९७० पूर्वी साऱ्या देशात डांबरी सडक होती ती सुमारे १० किलोमीटरच. व्यवहारात मात्र भारतीय पाहुण्याची मुळीच अडचण होत नसे. १९७० पर्यंत येथे रुपयाच चालत होता. १९५९ पासून त्याचे स्वरूप आखातासाठी काढलेल्या निराळ्या रुपयाचे झाले, एवढाच फरक.

१९७३ साली सीब येथे नवा विमानतळ सुरू झाला आणि चित्र पालटले. २००८ साली त्याला मस्कत आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले, आणि २० मार्च २०१८ रोजी त्याची आजची भव्य इमारत प्रवाशांसाठी खुली झाली. वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय होईल एवढा तिचा विस्तार आहे. तटाचे दरवाजे आता कोणासाठी बंद होत नाहीत. मात्र सोयी वाढल्या, तसे शहरही लांबले. सीबपासून जुन्या मस्कतपर्यंत डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्त्या माळेच्या मण्यांसारख्या ओवल्या गेल्या आहेत. म्हणून 'माझे हॉटेल मस्कतमध्ये आहे' एवढेच सांगून भागत नाही. ते अल् खुवैरला आहे की रुवीला, कुरुमला आहे की मत्र्याला, हे ठाऊक असले पाहिजे. कारण विमानतळाजवळची वस्ती आणि मत्र्याचा किनारा यांत तीस किलोमीटरांहून अधिक अंतर आहे.

नागपूरहून मुंबईला विमान बदलून येणाऱ्या एखाद्या वृद्ध मातेचे उदाहरण घ्यावे. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असले, तर सामान थेट मस्कतपर्यंत जाते की मुंबईस उतरवून पुन्हा द्यावे लागते, हे तिने नागपुरासच विचारून घ्यावे. तिकिटे निराळी असली, तर सामान स्वतःच घेऊन पुन्हा द्यावे लागणार हे धरून चालावे आणि मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पहिले विमान रखडून पुढचे चुकले, तर हॉटेलला तत्काळ कळवावे. न कळविल्यास राखून ठेवलेली खोली दुसऱ्याला दिली जाण्याचा संभव असतो. एका रात्रीसाठी शहरात जायचे झाले तरी प्रवेशपरवान्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी. औषधे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी हाताच्या पिशवीत असावी. हॉटेलचे नाव, वस्ती आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. भ्रमणध्वनीवर सर्व काही असते हे खरे, पण परदेशात उतरताच तो मुका झाला, तर कागदच कामास येतो.

बाहेर येण्यापूर्वी घड्याळ दीड तास मागे करावे. टॅक्सीत बसण्याआधी भाडे किती होईल हे निश्चित करून घ्यावे. एका रियालचे हजार बैसे होतात, हे विसरू नये. 'बैसा' हा शब्द आपल्या पैशाचाच सोयरा असला, तरी रुपयाच्या सवयीने शंभराचा हिशेब धरणारा हमखास चुकतो. येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. दिवसाची वेळ आणि सामान हलके असेल, तर 'मवासलात'च्या बसने रुवीपर्यंत थोड्या खर्चात जाता येते. सुलतान काबूस मार्गाने पूर्वेस निघाले, की उजव्या हातास २००१ साली बांधून पूर्ण झालेली भव्य मशीद दिसते; पुढे खुवैर, कुरुम आणि मग रुवी. रुवी आणि मत्रा यांच्या मध्ये दारसैत लागते. तेथील श्रीकृष्ण मंदिर आणि जुन्या मस्कतमधील राजवाड्यानजीकचे मोतीश्वर महादेवाचे मंदिर ही येथल्या भारतीय माणसाच्या ओळखीची ठिकाणे. वाट चुकलेल्याला तेथे आपले बोलणे समजणारा कोणीतरी भेटतोच.

हे सारे ज्ञान उपयुक्त आहे. परंतु त्याने एका गोष्टीची भरपाई होत नाही. पूर्वी आगबोट लागणार असली, की कोणाचे कोण येणार याची चौकशी घरोघर होई, आणि ज्याचे कोणी नाही त्यालाही किनाऱ्यावर कोणीतरी सामोरे जाई. आज गाडी बोटाच्या स्पर्शाने दारात उभी राहते. त्यामुळे 'टॅक्सी करून ये' असे मुलगासुद्धा आईला सहज सांगतो. त्यात त्याचा दोषच आहे असे नव्हे. सकाळी सातला कामावर हजर होणाऱ्याने मध्यरात्री विमानतळावर ताटकळावे तरी कसे? तथापि प्रथमच परदेशी आलेली ती माता काचेच्या दारातून बाहेर पडताच शेकडो अनोळखी चेहऱ्यांत एकच चेहरा शोधीत असते. तो दिसला नाही, म्हणजे तो दोन कोटींच्या सोयीचा प्रासाद तिला ओसाड वाटतो.

अशा वेळी शेजारधर्म उपयोगी पडावा. मुलाला रजा नसेल, तर शेजाऱ्याने जावे. एकाच आठवड्यात दोन घरी पाहुणे येणार असतील, तर दोघांनी पाळी वाटून घ्यावी. त्याला पैसा लागत नाही. दोन तासांची झोप तेवढी मोडते. मस्कतची जुनी वेस इतिहासजमा झाली, हे चांगलेच झाले. मात्र त्या वेशीशी हातात कंदील घेऊन उभे राहणारा माणूस तिच्याबरोबर इतिहासजमा होऊ नये.