पुरीची सुटी : सिंहद्वारासमोरचा खांब मराठी पर्यटकाने थांबून पाहावा

शंकर नगर (रायपूर) : येथील शंकर नगरालगत गायत्री नगरात जगन्नाथाचे मंदिर आहे आणि आषाढात तेथून निघणाऱ्या रथयात्रेला राज्याचे राज्यपाल व मुख्यमंत्रीही येतात. मूळ क्षेत्र असलेली पुरी येथून थेट रेल्वेने गाठता येते. त्यामुळे समुद्राकाठच्या सुटीचा विषय निघाला की छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांना कोकणापेक्षा पुरीच जवळची वाटते. ही जवळीक केवळ अंतराची नाही.

नागपूरकर रघूजी भोसले आणि बंगालचा नवाब अलीवर्दीखान यांच्यात १७५१ मध्ये तह झाला आणि ओडिशा मराठ्यांकडे आला. १८०३ च्या देवगाव तहाने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. या सुमारे ५२ वर्षांतील सर्वांत ठळक खूण मंदिराच्या पूर्वेकडील सिंहद्वारासमोर उभी आहे. ती म्हणजे अरुणस्तंभ. अखंड दगडातून घडविलेला हा सोळा पैलूंचा खांब सुमारे ३३ फूट उंच असून त्याच्या शिरावर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसला आहे. जगन्नाथाच्या दारात सूर्याचा सारथी कसा, हा प्रश्न दर्शनाच्या गर्दीत फारसा कोणाला पडत नाही. हा स्तंभ मूळचा कोणार्कचा. मराठा अमदानीत, अठराव्या शतकात, तो तेथून येथे आणला गेला.

म्हणूनच सुमारे ३५ किलोमीटरवरील कोणार्क त्यानंतर पाहावे. तेराव्या शतकात नरसिंहदेव पहिला याने उभारलेले हे सूर्यमंदिर १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुख्य शिखर कोसळलेले, उरलेला जगमोहन १९०३ च्या सुमारास आत वाळू भरून बंद केलेला आणि पुढचा अरुणस्तंभ पुरीत. पुरीत वाटणाऱ्या अभिमानाला कोणार्कला थोडी खंतही चिकटते. स्तंभ पडक्या मंदिरापासून हलवला म्हणून जपला गेला, असेही म्हणता येईल. पण त्याची मूळ जागा पाहिल्याशिवाय ते म्हणू नये.

मंदिरात अहिंदूंना प्रवेश नाही; मोबाइल, कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. दर्शनानंतर आनंदबाजारात महाप्रसाद घ्यावा. मातीच्या हंड्या एकावर एक रचून लाकडाच्या जाळावर तो शिजतो. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो त्यात वर्ज्य. सोबत नेण्यासाठी कोरडा खाजा उत्तम.

समुद्राबाबत मात्र सावध राहावे. येथील लाटा मोठ्या आहेत आणि परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. शंकूच्या आकाराची टोपी घातलेले नोलिया, म्हणजे किनाऱ्यावरचे कोळी जीवरक्षक, पर्यटकांना हात धरून पाण्यात नेतात. त्यांच्याशी घासाघीस करण्याची ही जागा नव्हे. मुले सोबत असतील तर २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळालेला गोल्डन बीच अधिक सोयीचा.

आणखी एक दिवस हाती असल्यास पट्टचित्रकारांचे रघुराजपूर गाव पाहावे. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र येथलेच. हिवाळ्यात सातपाडा येथून चिलिका सरोवरात होडीने जाता येते. तेथे इरावदी डॉल्फिन आणि स्थलांतरित पक्षी पाहावयास मिळतात. डॉल्फिनच्या अगदी जवळ नेण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नये; इंजिनाच्या पंख्याने त्यांना इजा होते.