समस्थानिके आणि खताचा माग

शेतात घातलेल्या सुपर फॉस्फेटपैकी पिकाने किती घेतले, हे कसे ओळखावे? पिकातील स्फुरद मोजता येतो. परंतु त्यातील खताचा किती व जमिनीतील मूळचा किती, हे साध्या रासायनिक पृथक्करणाने कळत नाही. हा पेच समस्थानिकांच्या साहाय्याने सुटला.

अणूच्या केंद्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे कण असतात. मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. स्फुरदाच्या अणूत प्रोटॉन नेहमी १५ असतात. न्यूट्रॉन मात्र कमीअधिक असू शकतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. निसर्गातील नेहमीच्या स्फुरदात १६ न्यूट्रॉन असतात, म्हणून तो स्फुरद-३१ होय. अणुभट्टीत तयार होणाऱ्या स्फुरद-३२ मध्ये ते १७ असतात. दोहोंचे रासायनिक गुण सारखेच असल्यामुळे पीक त्यांत भेद करीत नाही. मात्र स्फुरद-३२ मधून किरण बाहेर पडतात व यंत्राला ते कळतात. गळ्यात घंटा बांधलेली गाय जशी दाट रानातही आवाजावरून सापडते, तसाच हा प्रकार आहे. दर १४.३ दिवसांनी हा स्फुरद निम्मा होतो. त्यामुळे प्रयोग एका हंगामातच उरकावा लागतो.

हेवेशी या शास्त्रज्ञाने १९२३ साली शिशाच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा माग द्विदल रोपांत प्रथम काढला. त्यांना १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे स्फुरद-३२ वापरून झालेल्या प्रयोगांनी खत देण्याच्या पद्धतीवर प्रकाश टाकला. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मातीशी संयोग पावून तो लवकर जखडला जातो. वर फोकून दिलेले खत वरच्या थरातच राहते व खालच्या मुळांना दुर्लभ होते. नत्राचे नत्र-१५ हे समस्थानिक स्थिर असून त्यातून किरण निघत नाहीत. ते वजनावरून ओळखतात. दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी भाग त्या हंगामात पिकास मिळतो, असे त्यावरून पुष्कळदा आढळले आहे.

समस्थानिके हाताळणे हे प्रयोगशाळेचे काम होय. त्यांपासून मिळालेला धडा मात्र प्रत्येक शेतासाठी आहे. शेतकरी बंधूंनी स्फुरदयुक्त खत पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या थोडे खाली व बाजूस पेरावे. युरिया एकदम न देता, जमिनीत ओल असताना हप्त्याहप्त्याने द्यावा. ग्रामसेवकांनी हे गावात करून दाखवावे. खतावर खर्चलेला पैसा मातीत अडकू न देता कणसापर्यंत पोचविण्याचा हाच मार्ग आहे.