कमान पाटे : जुन्या गाडीचा कणा

काय असतात? एकावर एक रचलेल्या, उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्या. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या टोकांच्या डोळ्यांत बुश बसतात. मधोमध सेंटर बोल्ट, ॲक्सलशी बांधायला यू-बोल्ट. पाटा दबला की लांबतो, म्हणून एक टोक झुलत्या शॅकलवर.

कुठे दिसतात? फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) : पुढे-मागे एकेक आडवा पाटा. ॲम्बेसेडर, पद्मिनी : फक्त मागे.

वंगण
- पाटे एकमेकांवर घासतात. गंज धरला की गाडी कडक होते, कुरकुरते.
- पोलादावर पोलाद असेल तर ग्रॅफाइट ग्रीस. जुन्या इंजिन ऑइलचा फवारा गॅरेजवाल्यांचा लाडका. पण त्यावर धूळ चिकटते.
- मध्ये रबरी पट्ट्या किंवा रबरी बुश असतील तर खनिज तेल नको, रबर फुगते.
- काही गाड्यांच्या पाट्यांवर चामडी खोळ असे, आत ग्रीस.

दुरुस्ती
- सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे क्लॅम्पमध्ये आवळायचे. ताण एकदम सुटला तर इजा होते.
- पाट्यांच्या क्रमाच्या खुणा करून ठेवायच्या.
- बसलेल्या पाट्याला थंड अवस्थेत ठोकून पुन्हा बाक देतात. तापवला तर पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरते; पुन्हा चढवावे लागते.
- तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग नाही, बदलच.
- यू-बोल्ट नवे. थोडी गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळायचे.
- रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे.

अशा जुन्या गाड्यांची नोंदणी : २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातील खासगी गाडी ‘व्हिंटेज’. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते.